पहिली नोकरी: घराजवळची की सीनिअरजवळची?

प्रश्न: मुलीचं बी.ए.एस.एल.पी. (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) झालं, इंटर्नशिप संपली, आर.सी.आय.ची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणीही आली. सांगलीतल्या एका क्लिनिकमध्ये ती एकटीच स्पीच थेरपिस्ट असेल. पगार आठ हजारांनी जास्त आणि घरून जाऊन-येऊन काम. पुण्यातलं सेंटर कमी देतंय, वर दर आठवड्याला सीनिअरकडून 'सुपरव्हिजन' घ्यावं लागेल म्हणतात. चार वर्षं शिकल्यावर पुन्हा कुणाच्या हाताखाली कशाला? आणि मास्टर्स लगेच करावं का?
– एक वडील, सांगली

उत्तर: नमस्कार. खोलीभाडं, डबा धरला तर फरक आठ हजारांहून मोठा आहे, हे मान्य. तरीही झेपत असेल तर पुण्याला पाठवा.

सुपरव्हिजन म्हणजे हजेरी घेणं नव्हे. मुलगी आपल्या सेशनचा व्हिडिओ घेऊन बसते (पालकांची लेखी परवानगी घेऊनच). समजा, तीन वर्षांचा मुलगा आहे, अजून बोलत नाही. ती चेंडू दाखवून "हे काय?" विचारते आणि सेकंदभरात स्वतःच "बॉल" म्हणून मोकळी होते. सीनिअर व्हिडिओ थांबवते, मागे नेते. मग दिसतं, की मुलानं ओठ मिटले होते, 'ब'ची जुळवाजुळव चालली होती! समोर मूल आणि शेजारी त्याची आई बसलेली असताना हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

ब्रिटनमधल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: कौशल्य वाढवणं, कामाचा दर्जा राखणं आणि काम करणाऱ्याला सावरणं. नर्सिंगपासून समुपदेशनापर्यंत ही मांडणी वापरतात. आपल्याकडे तिसऱ्या कामाला पहिली कात्री लागते. "माझा मुलगा कधी बोलेल?" हा प्रश्न तुमच्या मुलीला रोज ऐकावा लागणार. खोटी आशा न दाखवता आणि आईला न तोडता काय बोलायचं, हे परीक्षेत विचारत नाहीत. बावीस-तेवीसाव्या वर्षी ते ओझं एकटीनं घरी आणलं, की पोरी हे क्षेत्रच सोडायचा विचार करू लागतात.

'चार वर्षं शिकल्यावर' म्हणता, तर अमेरिकेत मास्टर्स झाल्यावरही मेंटरच्या मार्गदर्शनाखाली किमान ३६ आठवडे आणि १,२६० तास काम केल्याशिवाय तिथल्या स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्याकडे नोंदणी झाली की एकट्यानं काम करायची मोकळीक असते. म्हणूनच सीनिअर आपण शोधायचा.

मात्र पुण्याला होकार देण्याआधी मुलीनं चौकशी करावी. सुपरव्हिजन देणारी व्यक्ती स्वतः स्पीच थेरपिस्ट आहे का? तो वेळ कामाच्या तासांत धरलाय की संध्याकाळी सहानंतर? पगारवाढ ठरवणारीही तीच असेल तर मुली चुका सांगत नाहीत, लपवतात. काही ठिकाणी 'या आठवड्यात किती सेशन्स झाली, किती पालकांनी पॅकेज घेतलं' एवढ्याच मीटिंगला सुपरव्हिजन म्हणतात. तसं असेल तर सांगलीच बरी.

घरच्या अडचणीमुळे सांगलीच घ्यावी लागली, तर कॉलेजमधल्या एखाद्या मॅडमना रीतसर फी देऊन महिन्यातून दोनदा ऑनलाइन केस-चर्चा ठरवावी. क्लिनिकनं तो खर्च द्यावा, हे पगाराच्या बोलण्यातच मांडायचं. एका बाबतीत मात्र तिनं ठाम राहावं: अर्धांगवायूच्या पेशंटची गिळण्याची थेरपी सुरुवातीला एकटीनं घेऊ नये. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि कधीकधी पेशंटला साधा ठसकाही लागत नाही.

मास्टर्सची घाई नको. मुलं, तोतरेपणा, की स्ट्रोकनंतरचे पेशंट, कुठे मन रमतं ते वर्षभरात कळेल. मग मुंबईचं अली यावर जंग किंवा म्हैसूरचं 'आयिश' या वाचा-श्रवण क्षेत्रातल्या राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेशाचं बघता येईल.