पोर्टफोलिओत ‘पर्यावरण’ नाहीच, मग अर्ज कशाच्या जोरावर करू?

“तीन वर्षं ऑफिसात वर्किंग ड्रॉइंग काढतेय. कॉलेजात एकही ग्रीन प्रोजेक्ट केला नाही. थिसिस म्युझियमचा. एन्व्हायर्नमेंटल आर्किटेक्चरच्या मास्टर्सला मला कोण घेणार?”

हा प्रश्न थोड्याफार फरकाने बहुतेक अर्जदार विचारतात. इथे दिलेली हकीकत त्यांच्यातल्या एकीची आहे. ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. पहिली मुदत १४ आठवड्यांवर होती आणि तिच्या मते पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह, तयार होता. ४२ पानांचा.

तो उघडला तेव्हा दिसलं की भीती खरी आहे, पण चुकीच्या गोष्टीची. प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी तिने घाईने एक पान जोडलं होतं, ‘पर्यावरणीय विचार’. निळे बाण वाऱ्याचे, पिवळे उन्हाचे, गच्चीवर हिरवळ, कोपऱ्यात सौर पॅनेल. असे बाण निवड समितीसमोर ढिगाने येतात आणि ते वाचणारी माणसं याच विषयात मुरलेली असतात. एका सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या चित्रात, वारा खिडकीतून आत शिरून समोरच्या बंद भिंतीपाशी संपत होता. बाहेर पडायला वाट नसेल तर वारा असा आरपार वाहत नाही. एकाच बाजूला खिडकी असेल तर छताच्या उंचीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच हवा खेळते. समोरासमोर खिडक्या असतील तर पाचपटीपर्यंत. तिचा हॉल ३ मीटर उंच, ९ मीटर आत गेलेला आणि एकाच बाजूने उघडा. म्हणजे आतला दीड ते तीन मीटरचा पट्टा कोंदटच राहणार, बाण काहीही म्हणोत.

उन्हाचं त्याहून वाईट. भर दुपारी सूर्य किती उंचीवर असेल, हे ९० मधून अक्षांश वजा करून त्यात सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, मिळवली की कळतं. क्रांती जूनच्या अयनदिनी अधिक २३.५ अंश, डिसेंबरात उणे २३.५. तिची इमारत २० उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात उत्तर येतं ४६.५ अंश, ठीक. जूनमध्ये येतं ९३.५, म्हणजे सूर्य डोक्यावरून पलीकडे, किंचित उत्तरेला कललेला. तिच्या चित्रात मात्र जूनचं ऊन दक्षिणेकडून ६० अंशांनी येत होतं. तो कोन ५३.५ अक्षांशावर बरोबर आहे. थंड मुलखातल्या पाठ्यपुस्तकातली आकृती तशीच उचललेली. शिवाय एकाही प्लॅनवर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती. पर्यावरणाच्या पोर्टफोलिओत हे सर्रास होतं, विश्वास ठेवा.

ही सगळी पानं काढायला सांगितली. पण त्यांच्या जागी काय, हे ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता: अर्ज नक्की कशाला करायचा? ‘एन्व्हायर्नमेंटल’ हा शब्द फसवा आहे. लंडनमध्येच याची दोन टोकं सापडतात. आर्किटेक्चरल असोसिएशनचा सस्टेनेबल एन्व्हायर्नमेंटल डिझाइन हा अभ्यासक्रम इमारतीच्या वागणुकीचा आहे: तापमान, उजेड, हवा, प्रत्यक्ष जागेवरची मोजमापं आणि मग संगणकावरचं प्रतिरूप. तिथे १२ महिन्यांची एमएससी आणि १६ महिन्यांची एम.आर्च. असे दोन मार्ग आहेत. रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा एन्व्हायर्नमेंटल आर्किटेक्चर मात्र भूप्रदेश, उत्खनन आणि त्यात भरडले जाणारे लोक यांच्याकडे पाहतो. अटाकामा वाळवंटातल्या लिथियमसारखे विषय तिथे अभ्यासले गेले आहेत. पहिल्या ठिकाणी तुमचा आलेख वाचतील, दुसऱ्या ठिकाणी नकाशा, मुलाखती आणि युक्तिवाद. जगभरचे बाकीचे अभ्यासक्रम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रबंधविषय आणि शिकवणाऱ्यांची मूळ क्षेत्रं. संकेतस्थळावरची प्रस्तावना वाचून काही कळत नाही, त्या सगळ्या सारख्याच असतात.

तिचा ओढा पहिल्या प्रकाराकडे होता. तरी चारपैकी एक अर्ज तिने दुसऱ्या प्रकाराला केलाच. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

आता मुख्य काम. नवा ‘ग्रीन’ प्रकल्प रचायला तिला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. तिच्याकडे जे होतं ते कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांकडे नसतं: स्वतः तपशील काढलेली, बांधून झालेली, माणसं राहत असलेली इमारत. तिथल्या एका रहिवाशाची तक्रार तिला आठवत होती, पश्चिमेची बेडरूम रात्री अकरा वाजता सगळ्यांत जास्त तापते. हाच प्रश्न घ्यायचा ठरलं. रहिवाशाची आणि ऑफिसची लेखी परवानगी घेतली.

दोन डेटा लॉगर आणले, तापमान आणि सापेक्ष आर्द्रता नोंदणारे. नोंद दर १५ मिनिटांनी, मुदत दोन आठवडे. एक आत, जमिनीपासून १.१ मीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही, फ्रीज-टीव्हीजवळ नाही. दुसरा बाहेर, सावलीत आणि वाऱ्यावर. पहिले तीन दिवस वाया गेले. बाहेरचा लॉगर बाल्कनीच्या कठड्याला बांधला होता आणि दुपारी साडेतीननंतर तिथे थेट ऊन येत होतं. आलेख एकदम ताडासारखा उभा. ते हवेचं तापमान नव्हतं, तापलेल्या डबीचं होतं. तो उत्तरेच्या बाजूला हलवून पुन्हा सुरुवात केली. आणखी एक गोष्ट तिने आधी केली नव्हती: दोन्ही यंत्रं एक दिवस शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यात मुळातच किती फरक आहे ते पाहणं. स्वस्त लॉगरची अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास असते. तो फरक ठाऊक नसेल तर ०.३ अंशाच्या ‘सुधारणे’वर अख्खं पान खर्च होतं आणि मुलाखतीत तेच पान अंगाशी येतं.

उजेडही मोजला. इथली चूक नेहमीची: लख्ख उन्हात लक्समीटर (उजेड मोजणारं यंत्र) धरून आलेल्या आकड्याला डेलाइट फॅक्टर म्हणायचं. हा गुणांक आभाळ पूर्ण झाकोळलेलं असतानाच मोजतात. आतला आणि बाहेर मोकळ्यावरचा उजेड एकाच वेळी घेऊन त्यांचं शेकडा प्रमाण काढतात. मीटर टेबलाच्या उंचीवर, खिडकीपासून आत ठरावीक अंतरांवर. तिला ढगाळ दिवस मिळाला नाही, म्हणून तिने लक्सचे नुसते आकडे दिनांक, वेळ आणि आकाशाच्या स्थितीसह छापले आणि गुणांकाचा दावा केलाच नाही. निर्णय योग्य होता.

नोंदी जमल्यावर अकरा वाजण्याचं कोडं सुटलं. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाचा सर्वांत जास्त मारा दुपारी चारच्या सुमारास. २३० मिलिमीटर जाडीच्या विटेच्या भिंतीतून ती उष्णता आत पोचायला साधारण सहा-सात तास लागतात. म्हणजे ऐन झोपायच्या वेळेला. शिवाय तिनेच काढलेल्या तपशिलात खिडकीवर ६०० मिलिमीटरचा आडवा छज्जा होता. तो दक्षिणेला कामाचा. पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. तिथे उभ्या किंवा सरकत्या झडपा लागतात, आणि भिंतीला बाहेरून सावली. हे तिने पोर्टफोलिओत स्वतःच्या नावावर चूक म्हणून लिहायला बराच वेळ का-कू केली. शेवटी तेच पान सगळ्यांत बोलकं ठरलं.

मग संगणकावरचं प्रतिरूप. त्याला पुरवायच्या हवामान फाइलमध्ये वर्षाचे ८,७६० तास असतात, पण ते ‘सर्वसाधारण’ वर्षाचे आणि बहुतेकदा विमानतळाच्या मोकळ्या माळावरचे. दाट वस्तीतली रात्र त्याहून गरम. तिचं प्रतिरूप पहिल्या फेरीत रात्रीचं तापमान प्रत्यक्षापेक्षा सरळसरळ कमी दाखवत होतं. कारणं दोन निघाली: एक हे, आणि दुसरं, सॉफ्टवेअरने रात्री खिडक्या उघड्या धरल्या होत्या; रहिवासी डासांमुळे त्या लावून घेत. वेळापत्रक बदलल्यावर दोन रेषा जवळ आल्या, तंतोतंत जुळल्या नाहीत. दोन्ही रेषा एकाच आलेखात, उरलेल्या फरकासकट, छापायला सांगितलं. जुळवून घेतलेला सुबक आलेख अनुभवी माणसाला लगेच संशयास्पद वाटतो.

४२ पानांचा पोर्टफोलिओ १८ वर आला. ही बेडरूम ७ पानं, म्युझियम ४, ऑफिसची कामं ५, हाताची रेखाटनं २. म्युझियमचा प्रकल्प फेकला नाही. फक्त त्यातल्या छतावरच्या खिडक्यांमुळे कलाकृतींवर किती ऊन पडलं असतं, हे आता तपासून एका पानात मांडलं. ऑफिसच्या प्रत्येक पानावर तिची भूमिका: ‘पाच जणांच्या गटात दर्शनी भिंतीचे १:२० सेक्शन’. ‘आम्ही डिझाइन केलं’ या शब्दांत काहीच सांगितलं जात नाही. पडद्यावर पान लहान-मोठं होतं, म्हणून लिहिलेल्या प्रमाणाशेजारी मोजपट्टी हवीच. प्रतिमा १५० पीपीआयला (इंचाला १५० बिंदू) पुरतात. पीडीएफ फुगते ती नुसत्या फोटोंनी नव्हे, कॅडमधल्या (संगणकावरच्या रेखाटनातल्या) झाडांच्या तयार चित्रांनी आणि हॅचने, म्हणजे भरावाच्या रेघांनीही. हजारो रेषा, पान उघडायला अर्धा मिनिट. ती रेखाचित्रं प्रतिमेत बदलली की फाइल हलकी होते. मर्यादा प्रत्येक पोर्टलची वेगळी, ती आधी पाहावी. फाँट एम्बेड करून फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी.

अर्जासोबतच्या पत्राची, म्हणजे स्टेटमेंटची, पहिली ओळ होती, ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ’. ती गेली. त्या जागी अकरा वाजताची बेडरूम आली. पुढे काय मोजलं, काय चुकलं, कुठे स्वतःचं ज्ञान संपलं आणि त्यापुढचं शिकायला याच अभ्यासक्रमातली कोणती गोष्ट हवी, एवढंच. तपासणीची युक्ती सोपी: पत्रातलं संस्थेचं नाव खोडून दुसऱ्या संस्थेचं लिहावं. पत्र तरीही चपखल बसत असेल तर शेवटचे दोन परिच्छेद पुन्हा लिहायचे.

चौथ्या वर्षी एका सत्रात ती नापास झाली होती आणि स्टेटमेंटचा पाव भाग त्याच्या खुलाशात गेला होता. अर्जात अशा खुलाशासाठी वेगळी जागा असेल तर तीन वाक्यं लिहावीत: काय झालं, केव्हा सावरलं, त्यानंतरचे गुण. जागा नसेल तर गप्प बसावं. गुणपत्रिका समोर असतेच.

शिफारसपत्रांचा घोळ वेगळाच. बॉस म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” बरेच जण यात सुटकेचा निःश्वास टाकतात. पण पत्राची भाषा स्टेटमेंटसारखी वाटली की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, शिवाय बऱ्याच ठिकाणी पत्र देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून ते थेट चढवायचं असतं. तिने बॉसना एका पानाचं टिपण दिलं: कोणती कामं एकत्र केली, कुठे अडचण आली, मुदत कधीची. “सर, यातलं तुम्हाला आठवतं तेवढंच लिहा.” दोन ओळींच्या कौतुकापेक्षा छज्ज्याच्या तपशिलावरून झालेल्या वादाची आठवण असलेलं पत्र कितीतरी वजनदार. मागणी मुदतीच्या सहा आठवडे आधी, आठवण दोन आठवडे आधी.

कागदपत्रांत फार सांगण्यासारखं नाही. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून मिळायला आठवडे जातात, म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज टाकावा. पदवीवर आणि पासपोर्टवर नावाचा क्रम वेगळा असेल तर तेही तेव्हाच निस्तरावं. आयएल्ट्स किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षंच चालतात.

मुलाखतीचं बोलावणं दोन ठिकाणांहून आलं. एकीत पहिलाच प्रश्न: दोन आठवड्यांच्या नोंदीवरून तुम्ही वर्षभराबद्दल काय सांगू शकता? तिने सांगितलं, “काहीच नाही. पावसाळ्यात ही भिंत कशी वागते ते मी मोजलेलं नाही.” पुढची पंधरा मिनिटं पावसाळ्यात काय आणि कसं मोजता येईल, यावरच बोलणं झालं. तिथे प्रवेश मिळाला. दुसरीकडे प्रतीक्षायादीत नाव लागलं, तिसरीकडून नुसता नकार. आणि तो चौथा, भूप्रदेशाच्या संशोधनाचा अर्ज? तिथे तिने हाच पोर्टफोलिओ, फक्त स्टेटमेंट बदलून पाठवला होता. मुलाखतीपर्यंतही गोष्ट गेली नाही. १८ पानांत एकही नकाशा नव्हता, आणि ज्याच्या बेडरूममध्ये दोन आठवडे लॉगर लटकत होता त्या रहिवाशाचं एकही वाक्य नव्हतं.