राजारामपुरीत फ्लॅट आहे, हॉल घरातल्या सगळ्यांचा, जुन्या ५.१ सेटचे (पाच स्पीकर आणि एक वूफर) स्पीकर बदलायचेत, आधी काय घेऊ?

आधी सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीजवळचा मधला, घे भावा, आणि जमलं तर त्याच्यासोबत पुढचे दोन त्याच कंपनीच्या त्याच सिरीजचे, मागचे दोन आणि वूफर राहू देत सध्या. मी घरोघरी हे बसवून देतो, जवळपास सगळीकडे तक्रार एकच असते की डायलॉग ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की आतून आई ओरडते, तर ५.१ मध्ये बहुतेक डायलॉग सेंटरमधूनच येतात म्हणून तिथं घातलेला पैसा सगळ्यांना कळतो, अगदी सिरीयल बघणाऱ्या आजीला पण. मोठा वूफर तर फ्लॅटमध्ये नकोच, बास भिंत-स्लॅबमधून आरपार जातो, खालच्यांना वाटतंय मिरवणूकच आली दारात.

घेतल्यावर एवढं कर:
- सेंटर टीव्ही युनिटच्या कडेला पुढं ओढून ठेव, कप्प्यात आत ढकलू नको, तोंड कानाकडं
- रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर जोडतात तो अँप्लिफायरचा डबा) सेटिंगमध्ये स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेव, म्हणजे त्याखालचा बास वूफरकडं जातो
- रात्री नाईट मोड, त्यानं मोठे आवाज दबतात

फक्त एक बघ, जुना सेट एकाच बॉक्समध्ये आलेला असेल तर त्याचे स्पीकर बऱ्याचदा ३-४ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) असतात आणि वायरचा प्लग पण वेगळाच, मग नुसते स्पीकर बदलून भागणार नाही, आधी रिसीव्हरच घ्यावा लागतोय. स्पीकरच्या मागच्या बाजूला ओहम लिहिलेला असतो, तो वाचूनच दुकानात जा.