दोन चौकटींच्या मधली जागा

प्रश्न : मुलानं पुण्याहून 'रोड टू पर्डिशन' ही गुन्हेगारी चित्रकादंबरी आणून दिली. सिनेमा आधीच पाहिला होता, म्हणून पुस्तक वाचून चक्रावलो. टोळीप्रमुखाचं आडनाव पुस्तकात लूनी, सिनेमात रूनी. मुडद्यांचे फोटो काढणारा मारेकरी तर पुस्तकात नाहीच! एवढी मोडतोड चालते का? आणि नववीतल्या नातवाला पुस्तक देऊ का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : चालते, आणि इथं ती शोभलीही. लूनी हा अमेरिकेतल्या रॉक आयलंड शहरात खरोखर होऊन गेलेला गुंड. सिनेमानं आडनाव बदललं, एवढंच. आणि मूळ मूळ तरी कशाला म्हणायचं? १९९८ सालचं हे पुस्तकही मॅक्स ॲलन कॉलिन्स यांना 'लोन वुल्फ अँड कब' या जपानी चित्रकथेवरून सुचलं.

परभणीत चित्रकला शिकवायचो तेव्हा फळ्यावर दोन चौकटी काढायचो. पहिलीत वाड्याचं अर्धं उघडं दार, दुसरीत उंबऱ्यावर एकच चप्पल. मधे काय झालं, विचारलं की चाळीस पोरं चाळीस गोष्टी सांगायची. एक पोरगी म्हणाली, "सर, आई माहेरी निघाली. चप्पल निसटली तरी थांबली नाही." मी न काढलेलं तिला दिसलं होतं. या पुस्तकाचे चित्रकार रिचर्ड पियर्स रेनर यांची काळी-पांढरी पानं अशीच वाचायची. गोळी सुटते त्या चौकटीपेक्षा तिच्यापुढची कोरी पट्टी जास्त बोलते.

सिनेमात ही पट्टी नसते. सेकंदाला चोवीस चित्रं, सगळं भरलेलं. दिग्दर्शक सॅम मेंडिस यांनी २००२ साली ती कुठं शोधली बघा. पावसाची रात्र, टोळीप्रमुख झालेला पॉल न्यूमन आणि त्याचे अंगरक्षक. अंधारात बंदुकीचा जाळ दिसतो, माणसं कोसळतात, आणि गोळ्यांचा आवाजच नाही, नुसतं संगीत. तो आवाज आपणच मनात भरतो. पुस्तकाशी इमान मी याला म्हणतो. छायाचित्रणकार कॉनराड हॉल यांना या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा ते हयात नव्हते. खोलीत अंधार करून तो प्रसंग पुन्हा पाहा, मोबाइलवर नको.

नातवाला आत्ता देऊ नका. पुस्तकात आई आणि धाकटा भाऊ घरातच मारले जातात, आणि गोष्ट सांगतो तो वाचलेला थोरला. बारावी होऊ द्या, आणि तो वाचेल तेव्हा तुम्ही शेजारी बसा.