पणजोबांनी तरी बापाचं कुठे ऐकलं होतं?

पिंपरीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मूळ घर नेवासे तालुक्यातलं. पणजोबांनी १९०१ साली बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मंडळीत (चर्चमध्ये) डीकन, म्हणजे कारभार पाहणारे सेवक. आता सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, "पप्पा, दृढीकरण सध्या नको. हा वारसा तुमचा आहे, माझा नाही." (दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याचं वचन मोठेपणी स्वतः मंडळीसमोर पक्कं करण्याचा विधी.) दर रविवारी सकाळी घरात वादावादी ठरलेली. 'चार पिढ्यांचं माझ्या हातून तुटणार का?' असं ते विचारतात.

दादा, जय ख्रिस्त.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडकले. तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात: 'पणजोबा अठरा वर्षांचे होते, त्यांच्या बापाने घराबाहेर काढलं, भावकीने रोटी-बेटी तोडली.' अहो, म्हणजे तुमच्या या वारशाची सुरुवातच एका पोराने बापाचं न ऐकण्यातून झालीय! मुलाला हे सांगितलंय का कधी? घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली पिढ्यांची नावं त्याला दाखवलीत, पण त्यातलं पहिलं नाव किती महागात पडलं होतं, ते राहूनच गेलंय.

नगरकडच्या आपल्या घरांत हे नेहमीचंच. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरचा बाप्तिस्मा म्हटला की 'धान्यासाठी बाटले' असं कुणीतरी म्हणणार, म्हणून आपण आधीच गोष्ट घासूनपुसून गुळगुळीत करतो. मी पाळकाची मुलगी, आमच्याकडेही तेच चालायचं. पणजोबा भुकेले असतीलही. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा हातात पाटी आली असेल. आणि प्रभूवर विश्वासही बसला असेल. एकाच माणसाच्या बाबतीत तिन्ही खरं असू शकतं. सतरा वर्षांच्या पोराला असा माणूस पटतो, पाकातले पणजोबा नाही.

दृढीकरणाचं म्हणाल, तर पाळकसाहेबांशी बोलून यंदाच्या वर्गातून त्याचं नाव काढून घ्या. लहानपणी आई-बापांनी त्याच्या वतीने दिलेलं वचन आता त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं, यालाच तर आपण दृढीकरण म्हणतो. ते पप्पांचं मन राखायला द्यायचं? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही आपलं सोवळंओवळं सांभाळत होत्या. ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने. आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुढे नेलं ते याच बाईंनी. तुमचा मुलगा तर नुसतं 'सध्या नको' म्हणतोय.

'बाप म्हणून माझं कर्तव्य' हे शब्द पत्रात चार वेळा आलेत. बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. बापाचं नाव तिथे नाही. तेव्हा थोडं ओझं उतरवा. रात्रीच्या प्रार्थनेला मुलगा गिटार घेऊन आजीशेजारी बसतो, 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातल्या जुन्या चाली तिला विचारत राहतो, असं तुम्हीच लिहिलंय, तेही तक्रार म्हणून! 'गांभीर्य नाही' म्हणे. दादा, बसू द्या त्याला तिथे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ. ती तुम्ही शेवटी कंसात टाकलीय. वडील गेल्यावर दीड वर्ष तुम्ही उपासनेला जायचात, पण प्रभुभोजन (प्रभूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस) घेत नव्हता. मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताआधीच निघून यायचात. घरी कुणालाच माहीत नाही. हे मुलाला सांगा. समोरासमोर जमणार नाही, बापलेकांना ते जमत नाहीच. एखाद्या रविवारी त्याला बाइकवर मागे बसवून गावी पणजोबांच्या कबरीपाशी न्या. वाटेत चहाला थांबाल तेव्हा सांगा. त्या दिवशी उपासना बुडेल (पाळकसाहेब, माफ करा). तो काही बोलला नाही तर तुम्हीही बोलू नका.

बायबलची बांधणी निघालीय, पहिलं पान सुटतंय, चिकटवू का, असं विचारलंय. सेलोटेप अजिबात लावू नका. ती पिवळी पडते, आणि काढायला गेलं की कागद सोबत येतो. जुनी पुस्तकं बांधणाऱ्याकडे द्या. नेताना मुलालाही बरोबर घ्या.