येळवशीला ख्रिस्ती शेजाऱ्यांना शेतात जेवायला बोलवावं का?

नक्की बोलवा. मी लातूरचा, ख्रिस्ती घरातला, आणि शेजाऱ्यांच्या रानात येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात पूजा करून जेवायच्या सणाच्या, पंगतीला बसतच मोठा झालो. तुम्ही विचारलंय की नव्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना बोलावलं तर राग येईल का, ते जेवतील का आणि रानात कडब्याच्या उभारलेल्या कोपीतल्या पूजेचं काय करायचं. राग कशाला येईल? सगळी गल्ली कुलपं लावून रानात जाते आणि आपलंच दार उघडं राहतं, तेव्हा खरं मनाला लागतं.

जेवणाचं म्हणाल तर अडचण भज्जीची, म्हणजे भाज्या-डाळींच्या कालवणाची, नाही, नैवेद्याची आहे, आणि ती आमच्यात पहिल्या शतकापासून आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारात देवळातलं मांस विकायला यायचं. ते खावं का, यावर प्रेषित पौलाने तिथल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या पत्राच्या 8व्या आणि 10व्या अध्यायात लिहिलंय. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण हा नैवेद्य आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आपल्या खाण्याने दुसऱ्या विश्वासणाऱ्याला ठेच लागत असेल तरी सोडा.

म्हणून एकाच घरात दोन रीती दिसतील. मी भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील पोटभर घेतो. माझी मावशी नैवेद्य दाखवलेलं तोंडात घालत नाही. तिला मी कट्टर म्हणणार नाही. तो तिने प्रभूला दिलेला शब्द आहे. आमच्या शेजारच्या काकू पूजेच्या आधीच एका डब्यात भज्जी, उंडे काढून ठेवायच्या आणि मावशीच्या हातात देताना सांगायच्या, "आक्का, हे दाखवलेलं नाही, बिनघोर खा." इतकी जाण मी फार थोड्या माणसांत पाहिली. तुम्हीही असंच करा.

पूजेच्या वेळी ते बाजूला उभे राहतील, हात जोडणार नाहीत. जोडा म्हणू नका, त्यांना एकट्याला बसवूही नका. रान दाखवा, पोरांना हरभऱ्याचा टहाळ उपटू द्या. पिकासाठी देवाचे आभार मानणं आम्हाला नवं नाही. जालन्याजवळचं बेथेल हे तर नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसवलेलं गाव. आमच्या मंडळ्यांत हंगामाचा सण असतो. कुणी ज्वारी आणतं, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. तुमच्या शेजाऱ्यांना त्याबद्दल जरूर विचारा, आवडीने सांगतील.

फक्त निमंत्रण आठवडाभर आधी द्या. येळवस बहुतेकदा नाताळाच्या मागेपुढेच येते. 2024 साली 30 डिसेंबरला होती. त्या दिवसांत घरात पाहुणे असतात, 31च्या रात्री उपासना असते. अमावस्या रविवारी आली तर सकाळी त्यांचं चर्च असेल. दुपारी न्यायला कुणाला तरी गाडी घेऊन पाठवा.