सातवीनंतर मुलीची शाळा थांबवावी का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका भगिनीने लिहिले आहे: "मुलगी तेरा वर्षांची आहे. गावातील मराठी शाळेत 70 टक्के गुण मिळवून सातवी उत्तीर्ण झाली. हायस्कूल नऊ किलोमीटरवर आहे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते, बसची वेळ जुळत नाही. यजमान म्हणतात, आता पुरे, घरी राहून तीन वर्षांच्या भावाला सांभाळेल. काय करावे?"

ताई, मुलीला अभ्यास नको आहे, असे आपल्या पत्रात कोठेही नाही. अडचण आहे ती रस्त्याची आणि धाकट्याला सांभाळण्याची, आणि गरीब देशांत मुलींची शाळा सुटते ती बहुधा अशाच कारणांनी. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून दूर होती, तेथील मुलींचे प्रवेश विशेष वाढले. बांगलादेशाने 1994 पासून खेड्यांतील मुलींना माध्यमिक शिक्षणासाठी भत्ता दिला, पण त्यासाठी 75 टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण आणि दहावीपर्यंत लग्न न करणे, अशा अटी घातल्या. यांतील शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण शाळा सोडून घरी राहिलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात, हे आपल्या भागातही आपण पाहतोच.

यजमानांची काळजी खोटी नाही. म्हणून त्यांच्याशी वाद न घालता रस्त्याचाच प्रश्न आधी सोडवावा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये मुलींना तिकीट लागत नाही, तेव्हा प्रश्न उरला तो वेळेचा. गावातून हायस्कूलला जाणाऱ्या सर्व मुलींची नावे आणि शाळेची वेळ लिहून, ग्रामपंचायतीच्या शिफारशीसह पालकांनी मिळून डेपोत अर्ज द्यावा. एकट्या आईच्या तोंडी विनंतीपेक्षा असा अर्ज अधिक वजनदार ठरतो. तरीही न जमल्यास मुलींच्या सरकारी वसतिगृहातील प्रवेशाची चौकशी मुख्याध्यापकांकडे लगेच करावी. धाकट्याचे वय अंगणवाडीचे आहे. भात लावणीच्या दिवसांत दुपारनंतर त्याला कोणी पाहायचे, एवढेच घरात ठरवावे लागेल.

आणखी एक गोष्ट यजमानांना अवश्य सांगावी. शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मुलीचा हक्क आहे, म्हणजे आठवी तर तिची हक्काचीच आहे. सरकारी किंवा अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीत असताना तिने राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा द्यावी. सातवीतील 55 टक्क्यांची अट तिने पूर्ण केली आहे, आणि घरचे उत्पन्न मर्यादेत असून निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

गावच्या शाळेतून दाखला काढला, की तो त्याच आठवड्यात हायस्कूलमध्ये जमा करावा. कपाटात राहिलेल्या दाखल्यामुळे कित्येक मुलींची शाळा कोणी निर्णय न घेताच सुटली आहे.