‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की निर्बंध?

‘सँक्शन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कर्जाच्या कागदपत्रांत ‘मंजुरी’ आणि आंतरराष्ट्रीय बातम्यांत ‘निर्बंध’ असा परस्परविरुद्ध कसा होतो, आणि वाचताना यांपैकी कोणता अर्थ घ्यावा, असे आपण विचारले आहे. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. ते सुटे पाठ करण्यापेक्षा एकाच मुळातून कसे फुटले हे समजून घेतले, तर गोंधळ बराच कमी होतो.

हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ एखादी गोष्ट विधिपूर्वक पक्की करणे, तिला अनुल्लंघनीय ठरवणे असा आहे. पावित्र्य या अर्थाचा ‘सँक्टिटी’ हा शब्दही त्याच कुळातला. सोळाव्या शतकात ‘सँक्शन’ इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ कायदा किंवा अधिकृत आज्ञा असा होता. आता कायद्याच्या पाठीशी सत्तेची मान्यता असते आणि तो मोडणाऱ्यासाठी शिक्षेची तरतूदही असते. मान्यतेच्या बाजूने ‘मंजुरी’ हा अर्थ रूढ झाला, तर शिक्षेच्या बाजूने ‘दंड’ आणि पुढे ‘निर्बंध’. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी 1789 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात माणसाच्या वर्तनाला बांधून ठेवणाऱ्या शक्तींना हाच शब्द वापरला आणि त्यांचे भौतिक, राजकीय, नैतिक व धार्मिक असे चार प्रकार सांगितले.

राष्ट्रांवरील आर्थिक निर्बंध हा अर्थ मात्र पहिल्या महायुद्धानंतर रुळला. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केल्यावर राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची ‘लीग ऑफ नेशन्स’ ही संघटना) इटलीवर असे निर्बंध लादले होते. गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ज्या 41 व्या कलमाच्या आधारे सुरक्षा परिषद आज निर्बंध लादते, त्या कलमात हा शब्द येतच नाही. तिथे केवळ ‘उपाय’ या अर्थाचा ‘मेझर्स’ हा शब्द आहे.

आता वापराकडे वळू. नाम अनेकवचनात असेल, पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल आणि सोबत ‘इम्पोज’, ‘लिफ्ट’ किंवा ‘ईझ’ यांपैकी एखादे क्रियापद असेल, तर अर्थ जवळजवळ नेहमीच निर्बंध असतो. ‘ऑफिशियल सँक्शन’ किंवा ‘विदाउट द सँक्शन ऑफ’ अशा रचनेत तो मंजुरी असतो. तथापि केवळ वचनावर विसंबू नये, कारण कायद्याच्या भाषेत ‘अ सँक्शन’ हे एकवचनही शिक्षेसाठी सर्रास वापरले जाते.

खरी कसोटी लागते ती क्रियापदाला. ‘द कमिटी सँक्शन्ड द पेमेंट’ म्हणजे समितीने रक्कम देण्यास मंजुरी दिली. पण ‘द कमिटी सँक्शन्ड द मेंबर’ म्हणजे समितीने त्या सदस्यावर कारवाई केली. दोन्ही वाक्यांत कर्ता तोच, क्रियापद तेच, बदलले ते केवळ कर्म. कर्म एखादी कृती, योजना किंवा खर्च असेल तर मंजुरी समजावी. व्यक्ती, कंपनी किंवा देश असेल तर दंड किंवा निर्बंध समजावेत. माझ्या मते ही एक खूण पक्की केली की इतर खुणांची गरज क्वचितच भासते. विशेषणालाही तीच लागू पडते: ‘स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स’ म्हणजे शासनाची संमती असलेली हिंसा, हिंसेवर घातलेले निर्बंध नव्हेत, आणि ‘सँक्शन्ड कंपनी’ म्हणजे निर्बंधांच्या यादीत असलेली कंपनी.

आपण स्वतः इंग्रजीत लिहिताना संदर्भ स्पष्ट नसेल, विशेषतः मथळ्यात किंवा छोट्या ईमेलमध्ये, तर मंजुरीसाठी ‘अप्रूव्ह’ आणि दंडासाठी ‘पीनलाइज’ ही क्रियापदे वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. ‘ओव्हरसाइट’ या शब्दाचेही असेच आहे; त्याचा अर्थ देखरेखही होतो आणि नजरचूकही, आणि तिथेही पुढे ‘ऑफ’ आहे की मागे ‘ड्यू टू ॲन’ आहे हे पाहिल्यावर बहुधा उलगडा होतो.